इगर्ज, इंटरनेट आणि शेजारी

जुने गोवे येथे २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत संत फ्रान्सिस झेवियरचे अठरावे दशवार्षिक शवप्रदर्शन झाले. ज्यांना प्रत्यक्ष येणे शक्य नव्हते त्यांना त्या सोहळ्यातील प्रार्थना हातातील फोनवर पाहण्याची सोय होती. कुवेतच्या कचेरीत काम करणारा सासष्टीचा तरुण, इंग्लंडातील स्विंडन शहरी जाऊन राहिलेले बार्देशचे कुटुंब, प्रवासी जहाजाच्या भटारखान्यात राबणारा तारवटी, अशा कोणालाही से कॅथेड्रलमधील मिस्सा त्याच घटकेला दिसू शकत होती. यात आता कोणास नवल वाटत नाही. परंतु ख्रिस्ती धर्मसंस्थेने इंटरनेटचा उपयोग कोणासाठी करावा, कशासाठी करावा आणि कोठे थांबावे, हा प्रश्न त्यामुळे सुटला असे मात्र नव्हे.

हा तर त्या धर्मसंस्थेचा घरचा प्रश्न, त्यात मराठी दैनिकाने आणि त्याच्या हिंदू वाचकाने का पडावे, अशी शंका कोणी घेईल. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्यात शेकडा सहासष्ट हिंदू व पंचवीस ख्रिस्ती आहेत. हे आकडे वेगवेगळ्या बेटांवर राहत नाहीत, एकाच वाड्यावर राहतात. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला तेल घेऊन जाणाऱ्यांत हिंदूही असतात, आणि शिरगावची लईराई ही तिची बहीण, असे दोन्हीकडचे लोक मानतात. अशा ठिकाणी इगर्जीत काय बोलले जाते आणि ते कोठवर ऐकू जाते, ही शेजाऱ्याच्याही काळजीची बाब आहे. इंटरनेटने ती अधिक निकडीची केली.

नव्या साधनांच्या बाबतीत ख्रिस्ती धर्मसंस्था नेहमी मागे राहते, ही समजूत इतिहासाला धरून नाही. आशियातील पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात आला तो जेजुइटांमुळे. खरे म्हणजे तो ॲबिसिनियाला जावयाचा होता, वाटेत गोव्याला उतरला आणि येथेच राहिला. साठ वर्षांनी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाचे मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापले गेले. नभोवाणी आली तेव्हा १९३१ साली खुद्द मार्कोनीने व्हॅटिकनचे केंद्र उभारून दिले. दूरचित्रवाणी आली तेव्हा बाराव्या पायस पोपांनी १९५८ साली असिसीच्या संत क्लाराला तिची संरक्षक संत ठरविले. आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या तिला दूर चाललेली मिस्सा भिंतीवर दिसली, अशी कथा आहे. १९९५ च्या नाताळात व्हॅटिकनचे संकेतस्थळ सुरू झाले आणि ते चालविणाऱ्या यंत्रांना राफाएल, मायकेल व गॅब्रिएल या देवदूतांची नावे देण्यात आली. निरोप पोहोचविण्याचे काम देवदूतांकडे सोपविण्यात औचित्य होते, हे कबूल केले पाहिजे.

साधन स्वीकारतानाच व्हॅटिकनने त्याची मर्यादाही लवकर आखून घेतली. २२ फेब्रुवारी २००२ रोजी ‘चर्च आणि इंटरनेट’ या विषयावर प्रसृत केलेल्या टिपणात त्यांनी असे मांडले की इंटरनेटवर शिकवण देता येते, माहिती देता येते, एकट्या पडलेल्या माणसाला धीर देता येतो. परंतु संस्कार देता येत नाहीत. बाप्तिस्म्याचे पाणी कपाळावर पडावे लागते, भाकर जिभेवर ठेवावी लागते, आणि पापनिवेदन ऐकणारा माणूस समोर असावा लागतो. आमच्या वाचकाला हे समजण्यास अडचण पडू नये. पडद्यावरील आरतीला हात जोडता येतात, पण तीर्थ ओंजळीतच घ्यावे लागते.

२०२० च्या टाळेबंदीत ही मर्यादा कसाला लागली. त्या वर्षीचा ईस्टर १२ एप्रिलला आला आणि गोव्यातील इगर्जी बंद होत्या. धर्मगुरू रिकाम्या बाकांपुढे मिस्सा म्हणत आणि माणसे घरच्या ओट्यावर बसून ती पाहत. ज्या इगर्जींनी तोवर फोनकडे संशयाने पाहिले होते त्यांनीही त्या काही आठवड्यांत यूट्यूबवर आपली जागा करून घेतली. सवय लागायला वेळ लागला नाही. पुढे दारे उघडल्यावर काही माणसे परतली नाहीत. अंगणात उतरून चालत इगर्जीत जाण्यापेक्षा आरामखुर्चीतून मिस्सा पाहणे सोयीचे, असे त्यांना वाटू लागले. ही तक्रार जगभरच्या धर्मगुरूंची आहे. आमच्या देवस्थान समित्यांनाही थेट दर्शनाची सोय करून दिल्यानंतर ती आज ना उद्या करावी लागेल. जो चालू शकत नाही त्याच्यासाठी निघालेली सोय जो चालू शकतो त्याने घेतली, तर तिचा हेतूच उलटा होतो.

तेव्हा प्रथम विचार करावयाचा तो जो येऊ शकत नाही त्याचा. या बाबतीत गोव्यातील इगर्जीला बाहेरचा कित्ता गिरवण्याचे कारण नाही, तिच्याकडे घरचाच आहे. मुंबईत धोबीतलावाच्या परिसरात गोमंतकीय खलाशांच्या व नोकरदारांच्या ‘कुडी’ होत्या. त्यांतील काही आजही आहेत. एकेका गावाची एकेक कूड. तेथे गावच्या संरक्षक संताची वेदी असे, ओळीने ट्रंका मांडलेल्या असत, आणि संध्याकाळच्या रोझरीला हजर राहणे हा राहण्याच्या अटींपैकीच एक भाग असे. बोटीवरून उतरलेला माणूस, पुढच्या बोटीची वाट पाहणारा माणूस, नोकरी सुटलेला माणूस तेथे टेकत असे. गाव सोडून गेलेला माणूस गावाच्या हिशेबातून सुटू नये, एवढ्यासाठी ही सारी व्यवस्था होती. तिला तंत्रज्ञानाची गरज लागली नाही, एकमेकांची नावे माहीत असणे पुरले.

आज ती माणसे शंभर ठिकाणी विखुरली आहेत आणि प्रत्येकासाठी कूड काढणे शक्य नाही. तेथे इंटरनेट खरोखर कामाचे आहे. खलाशांसाठी १९२० साली ग्लासगो येथे सुरू झालेली ‘स्टेला मारिस’ ही कॅथलिक सेवा पूर्वीपासून बोटीवर जाऊन माणसांना भेटत आली. आज तिचे सेवक बंदरावर उतरलेल्या खलाशाला जपमाळेबरोबर फोनचे सिमकार्डही मिळवून देतात, कारण घरच्यांचा चेहरा पाहणे ही त्याची पहिली भूक असते. २०२२ साली सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारात दुरुस्ती होऊन, शक्य असेल तेथवर जहाजमालकाने खलाशांना इंटरनेट पुरवावे, असे ठरले आणि डिसेंबर २०२४ पासून ती दुरुस्ती अमलात आली. २०२० च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या बंदराबाहेर जहाजांवर अडकून पडलेल्या गोमंतकीय खलाशांचे दिवस ज्यांच्या घरांनी काढले त्यांना या दुरुस्तीचे मोल सांगावे लागणार नाही. आता प्रश्न एवढाच की जहाजावर इंटरनेट पोहोचल्यावर त्यावरून गावचा धर्मगुरू खलाशाला काय पाठविणार? रविवारची चित्रफीत, की त्याचे नाव घेऊन केलेली चौकशी?

गावात मागे राहिलेल्यांची स्थिती याहून बिकट आहे. सासष्टी, बार्देश, तिसवाडीतील किती मोठी घरे आज एका म्हातारीच्या वा म्हाताऱ्याच्या भरवशावर उभी आहेत आणि किती कुलूपबंद आहेत, हे त्या गावांत फिरणाऱ्याला दिसते. मुले आखातात, इंग्लंडात, कॅनडात. आई गेल्याची वार्ता आली की मुलगा विमानाचे तिकीट शोधू लागतो. मिळाले तर मृतदेह शवागारात दोन-चार दिवस थांबतो, न मिळाले तर अंत्यविधी फोनवर पाहावा लागतो. अंत्यविधीचे थेट प्रक्षेपण ही आता गावोगावची गोष्ट झाली आहे. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काहीतरी चुकल्यासारखे वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. मुलाला आईच्या पेटीवर माती टाकता येत नसेल तर निदान ती पडताना पाहण्याचा हक्क त्याला आहे, आणि त्याच्यासाठी फोन धरून उभा राहिलेला शेजारचा पोरगा, मग तो ख्रिस्ती असो की हिंदू, धर्मकार्यच करीत असतो. मात्र अंत्यविधीपुरता आलेला हा फोन त्या आईच्या हयातीत त्या घरी कोणी घेऊन गेले होते काय, हे इगर्जीने स्वतःस विचारले पाहिजे. आठवड्यातून एकदा कोणी ओट्यावर येऊन बसले असते, दूरच्या मुलाला बोलावून दिले असते, औषधाची चिठ्ठी वाचून दाखविली असती, तर तिचा एकटेपणा तेवढा तरी कमी झाला असता.

या संदर्भात इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चचे एक उदाहरण ध्यानात घेण्यासारखे आहे. टाळेबंदीत सगळ्या उपासना इंटरनेटवर गेल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आले की ज्यांना उपासनेची सर्वांत जास्त ओढ, त्या वृद्धांपैकी अनेकांकडे इंटरनेटच नाही. म्हणून २०२० च्या एप्रिलमध्ये त्यांनी ‘डेली होप’ नावाने साध्या दूरध्वनीची एक फुकट सेवा सुरू केली. क्रमांक फिरविला की प्रार्थना व स्तोत्रे ऐकू येत. नव्या साधनाच्या झगमगाटात जुने साधन टाकून न देण्याचे हे शहाणपण होते. ज्याच्या हाती जे आहे त्यावरून त्याच्यापर्यंत जावे, हा नियम धरला तर गोव्यातही कित्येक घरांसाठी अजून इगर्जीची घंटा आणि माणसाचे दोन पाय हीच साधने उरतील.

साधनाच्या मोहात पडून हसे करून घेतल्याचीही उदाहरणे आहेत. २०११ साली अमेरिकेत पापनिवेदनाची तयारी करून देणारे एक ॲप निघाले. त्याला तेथील एका बिशपांची अनुमती होती, तरीही व्हॅटिकनच्या प्रवक्त्यांना खुलासा करावा लागला की फोनजवळ पाप सांगून क्षमा मिळत नाही. त्याहून पुढची मजल २०२४ च्या एप्रिलमध्ये गाठली गेली. कॅलिफोर्नियातील एका कॅथलिक संस्थेने कृत्रिम बुद्धिमत्तेचे ‘फादर जस्टिन’ निर्माण केले. पांढरी दाढी, काळा झगा, गळ्यापाशी पांढरी पट्टी असा त्यांचा थाट होता. आपण खरेच धर्मगुरू असून असिसीत राहतो, असे ते सांगू लागले आणि गॅटोरेड या बाटलीतल्या शीतपेयाने बाप्तिस्मा दिला तरी चालेल, असेही एकाला म्हणाले. दोनच दिवसांत त्यांचा झगा उतरवून त्यांना नुसते ‘जस्टिन’ करण्यात आले. नाकापेक्षा मोती जड झाला म्हणजे असे होते.

हसण्यावारी नेता येणार नाही अशी बाब वेगळीच आहे. माणूस प्रार्थनेत जे सांगतो ते शेजाऱ्यालाही सांगत नाही. नवऱ्याचे दारूचे व्यसन, मुलीचे मोडलेले लग्न, स्वतःचा न सांगता येणारा आजार. आज जगभर प्रार्थनेची ॲपे निघाली आहेत आणि लोक त्यांत ही दुःखे टंकून ठेवतात. अशी माहिती व्यापारी संस्थांच्या हाती कशी जाऊ शकते याचा तपशील बझफीड न्यूज या अमेरिकी वृत्तसंस्थेने जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला होता. पापनिवेदनाचे गुपित प्राण गेला तरी फोडावयाचे नाही, ही ज्या धर्मसंस्थेची शिकवण, तिच्या नावाने चालणाऱ्या एखाद्या पानावर भाविकाचे रडगाणे जाहिरातदारांसाठी उघडे पडावे, यापरते लांच्छन कोणते? आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. पण गावच्या इगर्जीने कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रार्थनेच्या विनंत्या लिहून घेऊ नयेत, घेतल्या तर ठेवू नयेत, आणि आजाऱ्याचे नाव व्हॉट्सॲपच्या गटावर टाकण्यापूर्वी त्याला विचारावे, एवढे आजच करता येईल.

आता ज्या शब्दापाशी आमचा हिंदू वाचक अडतो त्या ‘प्रसार’ या शब्दाकडे वळू. त्याचे अडणे अकारण नाही. १५६० ते १८१२ या काळात, मधली थोडी वर्षे वगळता, येथे इन्क्विझिशन होते. देवळे पाडली गेली, देव तळहातावर घेऊन लोक नद्या ओलांडून गेले. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा आज जेथे आहेत तेथे का आहेत, हे गोव्यातील शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. त्या स्मृतीवर आजच्या ख्रिस्ती शेजाऱ्याचा न्याय करणे अन्यायाचे होईल, पण ती स्मृती नाहीच असे समजून बोलणेही शहाणपणाचे नाही. कायद्याचे म्हणाल तर संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने धर्म पाळण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. त्या हक्कात आपल्या धर्माची तत्त्वे सांगणे येते, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १९७७ साली दिला. सांगण्याला मुभा आहे, ओढण्याला नाही.

इंटरनेटवर ही रेषा पुसट होते, कारण सांगणारा कोण हेच पुष्कळदा कळत नाही. व्यासपीठावरील वक्ता दिसतो, त्याला प्रश्न विचारता येतो. फोनवर मध्यरात्री आलेली, दुखणे बरे करण्याचे वचन देणारी चित्रफीत कोणाची, पैसा कोणाचा, मागे कोण उभे आहे, याचा पत्ता लागत नाही. आणि आजारी माणसाला आजाराचीच चित्रे दाखवीत राहण्याची कला त्या यंत्रांना चांगली अवगत आहे. कॅथलिक धर्मप्रांताच्या कक्षेबाहेरील, ‘बिलिव्हर्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंथीयांच्या सभांवरून गोव्यात गावोगाव वाद झाले आहेत, आणि त्या वादांची झळ त्यांच्याशी संबंध नसलेल्या इगर्जीलाही पोहोचते. म्हणून धर्मप्रांताने आपल्या प्रत्येक अधिकृत पानावर आपले नाव, पत्ता व जबाबदार व्यक्ती स्पष्ट लिहावी. जे पान आपले नाही ते आपले नाही, असे जाहीर सांगावे. निनावी प्रसारापासून सर्वांत मोठे नुकसान नाव लावणाऱ्याचेच होते. आमच्या बाजूच्या निनावी पानांनाही हाच न्याय लावावा लागेल, हे आम्ही जाणतो.

दुसरी गोष्ट भिंतीची. इगर्जीतील प्रवचन पूर्वी इगर्जीतच राहत असे. आपल्या माणसांशी आपल्या भाषेत बोलताना माणूस सैल बोलतो, आणि ते स्वाभाविक आहे. भिंतीला कान असतात असे म्हणत, आता भिंतच उरली नाही. २०२३ साली मुरगाव तालुक्यातील एका इगर्जीतील प्रवचनात छत्रपती शिवाजी महाराजांविषयी निघालेले उद्गार चित्रफितीतून बाहेर पडले, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला आणि संबंधित धर्मगुरूंना, आपले म्हणणे संदर्भ सोडून घेतले गेल्याचे सांगत, दिलगिरी व्यक्त करावी लागली. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, शवप्रदर्शनाच्या तोंडावर, झेवियरच्या अवशेषांची डीएनए चाचणी करावी असे एक हिंदुत्ववादी नेते बोलले, तेही असेच पसरले, आणि मडगावात रस्ते अडविले गेले. दोन्ही वेळी आधी तुकडा गेला, पूर्ण भाषण नंतर शोधले गेले, आणि तोवर गावांतील जुनी ओळख काही दिवसांपुरती तरी बिघडली. यावर प्रवचने प्रक्षेपित करणे बंद करा, हा उपाय नव्हे. कोणीतरी खिशातून फोन काढतोच. शेजारीही समोरच्या बाकावर बसला आहे, असे समजून बोलावे लागेल, आणि पूर्ण प्रवचन त्याच दिवशी उपलब्ध ठेवावे लागेल, म्हणजे तुकडा कोठून कापला हे ज्याला पाहावयाचे आहे त्याला पाहता येईल.

व्हॅटिकनने मे २०२३ मध्ये समाजमाध्यमांसंबंधी जे चिंतन प्रसिद्ध केले ते, योगायोग म्हणा, याच प्रश्नाभोवती रचलेले आहे. वाटेत लुटल्या गेलेल्या माणसाला परक्या जातीच्या वाटसरूने उचलून नेल्याची येशूची गोष्ट त्याच्या मध्यभागी आहे, आणि त्या गोष्टीचा प्रश्न ‘माझा शेजारी कोण’ हा आहे. आखातातील गोमंतकीय ख्रिस्ती हा गोव्यातील इगर्जीचा शेजारी आहेच. पण घराच्या कुंपणापलीकडचा, मराठी दैनिक वाचणारा, गणपतीला तिच्या मुलांना नेवऱ्या देणारा हिंदू तिचा कोण लागतो? त्याच्यासाठी तिच्या इंटरनेटवर काय आहे? फारसे काही नाही. धर्मप्रांताचे लेखन बहुतांशी इंग्रजीत आणि रोमी लिपीतील कोकणीत असते. आर्चबिशपांचे जूनमधील वार्षिक पत्र हे गोव्याच्या सार्वजनिक जीवनातील एक महत्त्वाचे निवेदन असते. २०१८ चे पत्र मुख्यतः गरिबीविषयी होते, परंतु त्यातील संविधानासंबंधीची एक-दोन वाक्ये देशभर गाजली. त्या वेळी संताप करणाऱ्या आणि बाजू घेणाऱ्या मराठी वाचकांपैकी मूळ पत्र किती जणांच्या हाती पडले असेल?

थॉमस स्टीफन्सने मराठी भाषेची थोरवी गायिली आणि आपले पुराण मराठीत लिहिले, परंतु त्याला ते रोमी लिपीत छापावे लागले, कारण रायतूरला देवनागरीचे खिळे नव्हते. १६०८ साली त्याने त्या खिळ्यांसाठी रोमला पत्रही लिहिले होते. ती अडचण आज उरलेली नाही. देवनागरी प्रत्येक फोनमध्ये आहे. तेव्हा धर्मप्रांताने निदान आर्चबिशपांचे वार्षिक पत्र, जमीन, पाणी, खाणी, जुगार अशा सर्व गोमंतकीयांच्या प्रश्नांवरील आपली निवेदने आणि फेस्तांचे जाहीर कार्यक्रम इंग्रजीबरोबरच देवनागरी कोकणीत व मराठीत, त्याच दिवशी, आपल्या संकेतस्थळावर ठेवावेत. भाषांतर करू शकणारे लोक गोव्यात कमी नाहीत आणि त्यांत काही हिंदूही मिळतील. पुढचे वार्षिक पत्र येत्या जूनमध्ये निघेल. सुरुवात तेथून करता येईल.